मार्चअखेरपर्यंत मौन

८ मार्च, शनिवार

हरलो. कॉलेज बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यात, तीन गुणांनी. आणि कोणाकडून, तर बचावात पाय कुठे टाकायचा हेही ज्या पोरींना अजून कळत नाही त्यांच्याकडून. त्यांच्या पाचही जणी बाहेरून गोळा केलेल्या. एक टेक्सासची, एक फ्लोरिडाची, एक तर थेट स्पेनमधून उचललेली. माझ्या सगळ्यात उंच पोरीपेक्षा त्यांची सगळ्यात बुटकी उंच. त्यांच्या कोचबाईंनी अख्ख्या सामन्यात एकच सूचना दिली, "बॉल वर टाका." वर टाकला की ती सहाफुटी बया हात लांब करणार आणि जाळीत सोडणार. याला कोचिंग म्हणायचं असेल तर माझा नवरा एल्टन कोठाराजवळ उभा राहून कबुतरं हाकलतो तेही कोचिंगच.

संपल्यावर ती बाई हात मिळवायला आली. "डोरीन, एवढ्याशा पोरींकडून तुम्ही काय काय काढून घेता हो," म्हणे. कौतुक होतं ते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्याशा पोरी. मी काय अनाथाश्रम चालवते?

मार्ली तेवढी शेवटपर्यंत लढली. मार्ली उनरुह. तीन वर्षांपूर्वी ही पोर स्वतःहून सरावाच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पश्चिम कॅन्ससमध्ये, धान्याचं कोठार, चर्च आणि पेट्रोल पंप एवढंच ज्या गावात आहे तिथली. कोपर बाहेर, नजर बॉलवर खिळलेली, डावा हात नुसता लोंबकळणारा. आज आमच्या अख्ख्या विभागात तिच्यासारखा खेळ वाचणारी दुसरी गार्ड, म्हणजे मागून खेळ चालवणारी, दाखवा. हे मी केलंय. फोनवर लाडीगोडी लावून नाही, रोज संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर तिला थांबवून, तोच पाय, तोच हात, पुन्हा, पुन्हा.

बसमध्ये ती माझ्या मागच्या सीटवर होती. म्हणाली, "कोच, शेवटचा बॉल माझ्या हातून गेला. सॉरी."

"गेला," मी म्हणाले. "डाव्या हाताने घ्यायला हवा होतास."

"हो, कोच."



१० मार्च, सोमवार

हंगाम संपला की मी एकेकीला ऑफिसात बोलावून दहा मिनिटं बोलते. काय चुकलं, काय सुधारायचं. जे बरं झालं ते बोलत बसायचं नसतं, ते तिला ठाऊकच असतं.

मार्लीला सगळ्यात जास्त वेळ दिला. डावा हात, लांबच्या बाजूला उशिरा जाणारी नजर, थकल्यावर वर येणारी कंबर. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "कोच, पुढच्या वर्षी मी..." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी डावा हात. त्याशिवाय काही बोलू नकोस." ती हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं, आणि गेली.

आजपासून मौन. मार्चअखेरपर्यंत मी कुठल्याही पोरीशी बोलत नाही, फोन नाही, मेसेज नाही, रस्त्यात दिसली तर मान हलवायची आणि पुढे जायचं. बावीस वर्षं हा नियम आहे. माझे वडील एक शेत दर वर्षी पडीक ठेवायचे. जमिनीला विसावा हवा म्हणायचे. पोरींना तर माझ्यापासून हवाच हवा. हंगामभर माझा आवाज ऐकून त्यांचे कान किटलेले असतात, हे मला कळत नाही असं नाही.

शनीसला मात्र हे पटत नाही. शनीस पेटिग्रू, माझी मदतनीस, टल्साची. स्वतः मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळलेली. मी मागितली नव्हती, दोन वर्षांपूर्वी वरून लादली. तिचं काम नव्या पोरी हेरायच्या आणि आणायच्या. दिवसभर कानाला फोन. कोणाच्या आईचं ऑपरेशन कधी, कोणाच्या कुत्र्याचं नाव काय, सगळं तोंडपाठ. पण तिला आमचा साधा बचाव समजावून सांग म्हटलं की घड्याळ बघते.

"कोच," ती म्हणाली, "हल्ली कोच गप्प बसली की पोरी त्याचा एकच अर्थ लावतात. तू नकोस, दुसरीकडे सोय बघ."

"माझ्या पोरी नाही लावत."

"निदान मार्लीला तरी एक फोन करा."

"तिला कशाला? ती कुठे जातेय? ती तर माझीच आहे."

शनीसने फोन खिशात टाकला. हिचं हे असंच. अर्धं बोलायचं आणि मग तोंड मिटून उभं राहायचं.

१२ मार्च, बुधवार

क्रेगने बोलावलं. क्रेग लोमॅक्स, आमच्या खेळ विभागाचा प्रमुख. शाळेत मी याला पी.टी. शिकवायची. दोरीवर चढताना अर्ध्यात रडायचा. आता टाय लावून मला शिकवतो.

"डोरीन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण आकडे काय सांगतात बघा. जिंकण्यात दहात आठ वाटे चांगल्या खेळाडूंचे. कोचच्या वाट्याला दोन."

"मग माझ्या जागी फोन बसव एक. पगार वाचेल."

"तसं नाही म्हणत हो मी."

"तसंच म्हणतोयस. आणि मार्ली उनरुह कुठल्या वाट्यातली रे? तिला तर कोणी आणलीच नव्हती."

"ती अपवाद झाली."

अपवाद म्हणे. तीन वर्षं घाम गाळला तो मी, आणि हा म्हणतो अपवाद. उंटावरून शेळ्या हाकणारा मेला. म्हणाला, गार्डच्या जागी उंची हवी, शनीसने फ्लोरिडाची एक हेरली आहे, डेजा रोलिन्स, शनिवारी कॉलेज बघायला येतेय. मी म्हटलं, येऊ दे. हो म्हणण्यात माझं काय जातंय? आली तर मार्लीच्या हाताखाली एक वर्ष शिकेल.

१३ मार्च, गुरुवार

शनीसशी वाजलं.

पाहुणी पोर आली की आमच्यातलीच एक खेळाडू तिची यजमान होते. तिला कॉलेज, वसतिगृह, कोर्ट, कपाटं दाखवते, आमच्यात राहणं कसं असतं ते सांगते. रात्री दोघी कोचच्या घरी जेवायला. सगळीकडे हीच रीत आहे. शनीस म्हणाली, हॅटीला सांगते. हॅटी फ्रीसन पहिल्या वर्षाची, चांगली आहे पण अजून बाकावर बसणारी.

मी म्हटलं, "हॅटी? घरात पाहुणा आला तर थोरल्या मुलीला पुढे करतात की शेंडेफळाला? मार्लीला सांग."

"कोच, मार्ली नको."

"का?"

"दोघी एकाच जागेवर खेळतात."

"मग बरंच की. त्या बयेला कळू दे या जागेवर कसं खेळायचं असतं."

"मग तुम्ही स्वतः सांगा तिला. का सांगताय तेही सांगा."

"माझं मौन आहे. तू सांग. कोचने सांगितलंय म्हणावं, बास."

शनीसने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच चोरी केली आहे. "बरं," म्हणाली आणि गेली. मान दिला एखाद्या पोरीला तर तोही या लोकांना खुपतो. यांना पोरी आणता येतात, घडवता येत नाहीत, म्हणून मग असला जळफळाट.

१५ मार्च, शनिवार

आज मार्लीने मन जिंकलं माझं.

मी वरच्या बाकांवरून बघत होते. ती डेजा, ताडमाड उंच, च्युइंगम चघळत, कानात काहीतरी अडकवलेलं. मार्ली तिला सगळं दाखवत होती. स्वतःचं कपाट उघडून दाखवलं, आत किती जागा आहे वगैरे. मग कोर्टवर नेलं आणि आमची डावीकडची चाल करून दाखवली, एकदा, दोनदा, मग डेजाच्या खांद्याला धरून पाय कुठे टाकायचा तेही. मी घसा कोरडा करून करून जे शिकवलं ते ती दुसरीला शिकवत होती. माझे डोळे भरून आले. मध्येच तिने वर पाहिलं. मी मान हलवली आणि दुसरीकडे बघायला लागले. नियम म्हणजे नियम.

संध्याकाळी दोघी घरी जेवायला. एल्टनने कोबी आणि खिमा भरलेले पाव, म्हणजे बीरॉक, केले होते. डेजाने पाच खाल्ले, खाण्यात तरी मन होतं तिचं. शनीसने मला सकाळीच बजावलं होतं, "कोच, काहीही करा, पण एक वाक्य म्हणा. आम्हाला तू हवी आहेस. पोरी ते ऐकायला येतात." मला असलं बोलता येत नाही. बावीस वर्षांत कोणाला म्हटलेलं नाही. पण क्रेगचा तो आठ-दोनचा हिशेब आठवला, म्हटलं घ्या, हेही करते. बीरॉक खाली ठेवला आणि डेजाकडे बघून म्हणाले, "आम्हाला तू हवी आहेस. तुझ्यासाठी जागा करू." डेजा म्हणाली, "थँक यू, मॅम," आणि सहावा बीरॉक घेतला.

मार्लीशी मी मुद्दामच बोलले नाही. तिने जेवण अर्धवट टाकलं, उठली आणि सगळी भांडी घासून ठेवली. एल्टन नको नको म्हणत होता, तरी. अगदी घरच्या लेकीसारखी. नंतर एल्टन मला म्हणाला, "तिला बरं नव्हतं का गं?"

"दमली असेल. दिवसभर उभी होती."

"हं," एल्टन म्हणाला. याच्या 'हं'ला काही औषध नाही.

१९ मार्च, बुधवार

डेजा रोलिन्स दुसरीकडे गेली. समुद्रकिनारी. शनीसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला तर मनातून गुदगुल्या. म्हटलं, बघ, एवढं गोड बोलायला लावलंस, काय उपयोग झाला?

एल्टन म्हणाला, दुपारी मार्ली आली होती. गाडी अंगणात उभी केली, उतरली, दारापर्यंत आली, मग परत गेली. तो शेडमधून बघत होता.

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारली. म्हणाली, कोचना त्रास नको, महिना संपायचाय अजून."

बघा. माझा नियम पाळणारी एकच पोर आहे, आणि ती कोण ते सांगायला नको.

२५ मार्च, मंगळवार

मार्लीने पोर्टलवर नाव टाकलं.

ज्यांना कॉलेज बदलायचं त्या पोरी तिथे नाव टाकतात. आज सकाळी मुदत सुरू झाली, आणि सकाळीच तिचं नाव. नाव पडलं की देशभरातल्या कोचांना फोन करायला मोकळं रान. मला कसं कळलं? क्रेगकडून. क्रेगला कसं कळलं? शहरातल्या वार्ताहराकडून. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत, कॉफीच्या दुकानातल्या पोरालाही माहीत, आणि तिला उभं केलं ती मी मात्र शेवटची.

मी ऑफिसचं दार एवढ्या जोरात आपटलं की भिंतीवरचा संघाचा फोटो खाली आला. तसाच पडू दिला.

कृतघ्न. दुसरा शब्द नाही. कोपर कोणी आत आणलं? डावा हात कोणी दिला? ही आली तेव्हा हिला पास घेता येत नव्हता. आणि आता, क्रेग म्हणतो, ओक्लाहोमातली एक मोठी युनिव्हर्सिटी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार. पेरायचं आम्ही, पाणी घालायचं आम्ही, कापणीला हे मशीन घेऊन हजर. शिकवता येत नाही ना, म्हणून शिकवलेल्या चोरायच्या.

शनीस दारात आली. "कोच, नाव टाकलं म्हणजे गेली असं नाही. मागे घेता येतं. फोन करा तिला. आत्ता."

"मी? ती मला सोडून चाललीय आणि फोन मी करू?"

"हो."

"मी आयुष्यात कोणाच्या विनवण्या केल्या नाहीत, शनीस."

"माहीत आहे, कोच," ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, उलट कीव होती, आणि तीच जास्त झोंबली.

२७ मार्च, गुरुवार

आज एल्टनशी भांडले. तसा तो भांडत नाही, मीच भांडते आणि तो बूट घालतो.

मी म्हणत होते की पैशांसाठी गेली. हल्ली पोरींना जाहिरातीचे पैसे मिळतात, मोठ्या ठिकाणी जास्त, मग काय, निष्ठा गेली चुलीत. एल्टन म्हणाला, "उनरुह मंडळी तशी नाहीत."

"मग कशाला गेली?"

"तू तिला कधी म्हणालीस का गं?"

"काय?"

"त्या उंच पोरीला जेवताना म्हणालीस ते. आम्हाला तू हवी आहेस."

आता याला काय सांगायचं? ते वाक्य शनीसने घोकून घेतलं होतं. खोटं होतं ते. मला डेजा नको होती, म्हणून तर म्हणता आलं. मार्लीला कशाला असलं खोटं बोलू? तिच्यावर मी तीन वर्षं घालवली. नको असती तर एवढी ओरडले असते का तिच्यावर? मी ज्याच्यावर ओरडत नाही तो माझ्या हिशेबातच नाही, हे कोणाला कळायला हवं की नको?

एल्टन म्हणाला, "माझ्यावर का ओरडतेस ते मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळलं. तिला तर तीनच झाली."

हा माणूस हसत होता. मी भाजी तशीच शेगडीवर टाकून बाहेर गेले आणि उगाचच गाडी धुतली.

३० मार्च, रविवार

गेले. मीच गेले. बोलवायला कोणी आलं नव्हतं.

चर्चमधून एल्टनला घरी सोडलं आणि तशीच पश्चिमेला लागले. तीन तास. वारा असा की गाडी रस्त्यावर ठरेना. वाटेत सगळं पाठ केलं. ओक्लाहोमावाले चार गार्ड घेऊन बसलेत, तुला बाकावर बसवतील. त्यांच्या कोचला बचाव शिकवता येत नाही. तुझा डावा हात अजून कच्चा आहे, तो कोण पक्का करणार? एकेक मुद्दा बिनतोड होता.

दार लवॉनने उघडलं, मार्लीच्या आईने. सामन्यांना यायची तेव्हा नुसती हात हलवायची. आज म्हणाली, "या, कोच. तीन वर्षांत पहिल्यांदा आलात. घर सापडलं ना?"

स्वयंपाकघरात बसवलं. ॲपल पाय आणि कॉफी पुढे ठेवली, पण स्वतः उभीच राहिली. मार्ली टेबलाच्या पलीकडे, हात मांडीवर. तिचे वडील दारात टोपी हातात घेऊन. कळलं की परवा ओक्लाहोमाची कोच येऊन गेली, याच खुर्चीवर बसली, आजोबांच्या गुडघ्याची चौकशी केली.

मी माझे मुद्दे सांगितले. सगळे. मार्लीने मधे तोंड घातलं नाही. मग म्हणाली, "बरोबर आहे, कोच. तिथे मी कमी शिकेन."

"मग पैसे जास्त आहेत का?"

"मी विचारलेही नाहीत."

"मग का?"

ती काही बोलायच्या आत लवॉनच बोलली. "का ते मी सांगते. तिच्या जागेवर नवी पोर आणायची ठरवलीत, तो तुमचा अधिकार. पण तीच आमच्या पोरीच्या हाताने फिरवलीत. तिचं कपाट उघडून दाखवायला लावलंत. आणि रात्री तिच्यासमोर त्या पोरीला म्हणालात, जागा करू. कोणाची जागा करणार होतात, कोच?"

"अहो, मान दिला मी तिला. माझ्याकडची सगळ्यात चांगली पोर म्हणून तिला यजमान केलं."

"हे तिला कोणी सांगितलं?"

मी मार्लीकडे पाहिलं. ती समोरच्या ताटलीकडे बघत होती. खरं सांगते, मला राग आला. लवॉनचा, शनीसचा, त्या च्युइंगमवालीचा, पण सगळ्यात जास्त मार्लीचा. एवढं सगळं मनात घेऊन बसली आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

"तू मला विचारायचंस ना," मी म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत ना, कोच. बॉल मागायचा नाही. मोकळ्या जागेत जायचं, पास येतो." तिने नाक पुसलं. "मी गेले मोकळ्या जागेत. पंधरा दिवस गेले, मग पाच दिवस पोर्टलवर. सगळीकडून फोन आले."

आणि मग माझा ताबा सुटला. मी ओरडले. त्या बाईच्या स्वयंपाकघरात, टेबलावर हात आपटून ओरडले. "अगं मूर्ख मुली, मला तूच हवी होतीस. दुसरी कोण हवी असणार मला? ती डेजा मला दारातसुद्धा नको होती. बावीस वर्षांत तुझ्यासारखी एक आली नाही."

कॉफी सांडली होती ती लवॉनने फडक्याने पुसली. मार्ली रडत होती, आणि हसतही होती बहुतेक, मला नीट कळलं नाही. वडील दारातून म्हणाले, "नाव मागे घेता येतं म्हणे अजून."

मार्ली म्हणाली, "मी काल त्यांना हो म्हटलंय. सही नाही केली. नुसता शब्द दिलाय." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही सांगा, कोच. मोडू का?"

मला माहीत होतं, एक शब्द पुरला असता. माझ्या जागी कुठलीही दुसरी कोच असती तर तिने म्हटलं असतं, मोड, त्यांनी तरी कोणाचा पाळलाय. पण मी या पोरींना काय शिकवत आले? वेळ पाळायची, शब्द पाळायचा, पंचांशी वाद घालायचा नाही. ते सगळं स्वतःच्या फायद्यासाठी विसरायचं?

"शब्द दिला असशील तर जायचं," मी म्हणाले.

तिने ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "हो, कोच."

दारापर्यंत सोडायला आली नाही.

घरी आल्यावर एल्टनला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. "तिने तुला विचारलं, मोडू का?"

"हो."

"आणि तू शब्दाचं सांगितलंस."

"मग काय सांगायला हवं होतं?"

एल्टनने बूट घातले. याच्या गप्प बसण्याचा मला एवढा संताप येतो म्हणून सांगू. तत्त्वाने वागले ते मी, आणि घरात सुतकी चेहरा करून फिरतोय तो हा.

३१ मार्च, सोमवार

मार्लीने सही केली. वार्ताहराचा फोन आला, "तुमची प्रतिक्रिया?" मी म्हटलं, डावा हात कच्चा आहे, त्यांना सांगा. त्याने ते छापू नये एवढीच आशा.

क्रेग येऊन म्हणाला, "म्हणून मी म्हणत होतो, शिकवलेलं टिकत नाही, आणावं लागतं." मी त्याला ऑफिसबाहेर काढलं. हाताने नाही, पण जवळजवळ.

मग शनीस आली आणि दार लावून बसली. म्हणाली, "कोच, हॅटीही विचार करतेय. अजून दोघी आहेत. आज फोन केलेत तर थांबतील."

"मौन आज संपतंय. उद्या करते."

"आज करा."

"काय बोलू?"

"तुम्हाला वाक्य येतं ते."

"ते खोटं बोलायचं वाक्य आहे."

"खरं असेल तिथेही चालतं, कोच," शनीस म्हणाली आणि माझ्याच टेबलावरून माझाच फोन उचलून नंबर लावला.

मला तिचा एवढा राग आला होता. माझाही. हॅटी फ्रीसनचा उजवा पाय चांगला आहे, पोर मेहनती आहे, दोन वर्षांत ती खेळ चालवेल, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला हवीच आहे ती. त्यात खोटं काय आहे? फोन कानाला लावला.

"हॅटी, मी कोच ग्रेबर बोलतेय."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"कोच," ती म्हणाली, "माझं काय चुकलं?"

मी शनीसकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मी हॅटीला उजव्या पायाबद्दल सांगितलं, उडी मारताना तो कसा आत येतो ते. ती हो कोच, हो कोच म्हणत राहिली. मग मी फोन ठेवला.

मग तिलाच परत लावला.